व्याह्यांची गाडी

मी गोल्फची गाडी बोलतेय. दोन माणसं, काठ्यांच्या दोन पिशव्या आणि वर एक छप्पर, एवढाच माझा संसार. मी बॅटरीवर चालते, त्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच. आवाज नसला की माणसं तुम्हाला विसरतात आणि वाटेल ते बोलून मोकळी होतात. म्हणून माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच साठलंय.

माझा जन्म कारखान्यातला. आम्हा बहिणींना लांबलचक ट्रकवर चढवून या रिसॉर्टवर आणलं आणि उतरवल्या उतरवल्या आमच्या पाठीवर आकडे चिकटवले. मला सतरा नंबर मिळाला. सोळा नंबरला पहिल्याच आठवड्यात एका पाहुण्याने झाडावर नेऊन घातलं. तेव्हापासून मी स्वतःला नशीबवान समजते.

इथे दोन मैदानं आहेत. एक तळ्याकाठचं, रोजच्या खेळासाठी. दुसरं टेकडीवरचं, ते अजिंक्यपदाच्या स्पर्धांचं. त्याचा थाट असा, की गवत कापणारासुद्धा बूट पुसून आत जातो. स्पर्धेच्या दिवसांत टीव्हीवाले येत, तेव्हा मलाही वाटे, आता आपण जगाला दिसणार. पण मोठे खेळाडू पायी चालतात. गाडी लागते हौशी लोकांना. स्पर्धेत माझ्या वाट्याला फक्त पाण्याच्या बाटल्यांचे खोके येत.

हौशी लोकांची मात्र मजा असते. चेंडू तळ्यात गेला की माणूस आधी काठीकडे बघतो, मग आभाळाकडे, मग बायकोकडे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? इथलं अंगण मुद्दाम नकाशा काढून वाकडं केलेलं आहे, त्यामुळे सगळ्यांचीच सोय होते.

या हौशी लोकांत दोन व्याही होते. एकांचा गाद्यांचा कारखाना, त्यांना सगळे गादीवाले म्हणत. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. दुसरे दातांचे डॉक्टर. काटेकोर माणूस, रुमालसुद्धा घडीवर घडी घालून खिशात ठेवणार. गादीवाल्यांची मुलगी डॉक्टरांच्या मुलाला दिलेली. दर गुरुवारी दोघं यायचे आणि सतरा नंबरच मागायचे. गादीवाले मला चालवत, डॉक्टर शेजारी बसून कार्डावर फटके लिहीत. या खेळात ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. दोघांचं छान जमायचं.

पुढे सभासदांच्या जोड्यांची स्पर्धा लागली, तीही टेकडीवरच्या मैदानावर. ही जोडी शेवटच्या होलपर्यंत, म्हणजे शेवटच्या भोकापर्यंत, सगळ्यांच्या पुढे होती. तिथे गादीवाल्यांचा चेंडू उंच गवतात गेला. ते काठी धरून उभे राहिले, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "तुमचा चेंडू हलला."

"वाऱ्याने हलला असेल."

"वारा नाहीये. तुमची काठी लागली. एक फटका दंड."

"अहो, तुम्ही माझ्याच बाजूने खेळताय ना?"

"म्हणूनच सांगतोय. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी."

खरंच काठी लागली का, हे मला विचारू नका, माझं तोंड दुसरीकडे होतं. डॉक्टरांनी मात्र कार्डावर एक फटका वाढवला आणि तेवढ्याच एका फटक्याने चषक गेला. परत येताना गादीवाले एवढंच म्हणाले, "परका बोलला असता तर गिळलं असतं. घरच्यानेच चारचौघांत उभं केलं."

त्या दिवसापासून अबोला. पण गुरुवारची वेळ दोघांच्या नावावर होती आणि ती सोडायला कोणीच तयार नाही. माघार घेतली तर नाक कापलं जाईल ना. तेव्हा दोघं येत, माझ्यात शेजारी शेजारी बसत आणि जे काय बोलायचं ते माझ्याशी बोलत.

"गाडीबाई," गादीवाले म्हणत, "आज काही लोकांनी अत्तराची बाटलीच अंगावर ओतलेली दिसतेय."

"गाडीला सांगून ठेवतो," डॉक्टर समोर बघत म्हणत, "खड्ड्यातून नेलं की कंबर दुखते. आणि काही कारखान्यांच्या गाद्यांवर झोपलं की जास्त दुखते."

माझ्या बहिणींशी कोणी अवाक्षर बोलत नसे आणि मला दिवसभर उसंत नाही.

घरी मात्र गंमत नव्हती. मुलीला दिवस गेले होते. तिने वडिलांना समजावलं, तिच्या नवऱ्याने त्याच्या वडिलांना. दोन्ही विहिणींनी तर हात टेकले. शेवटी मुलीनेच निकाल दिला: बाळ झालं की दोन्ही आजोबांनी वेगवेगळ्या दिवशी बघायला यायचं. एकमेकांकडे पाठ करून बसलेली दोन माणसं तिला बाळाच्या खोलीत नको होती.

"गाडीबाई," गादीवाले त्या गुरुवारी म्हणाले, "आम्हाला सोमवार मिळालाय."

डॉक्टरांनी कार्डावर आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मग म्हणाले, "गाडीला कळवतो, आम्हाला मंगळवार."

त्या दिवशी दोघंही फार वाईट खेळले.

अजिंक्यपदाची स्पर्धा तोंडावर आली. टेकडीवरचं मैदान दोऱ्या लावून बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी सामने सुरू होणार होते. आमचे व्याही तळ्याकाठी, अगदी पलीकडच्या टोकाला खेळत होते. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले.

"गाडीला कळवतो," सवयीने त्यांनी सुरुवात केली. मग ते वळले आणि म्हणाले, "व्याही, आपल्या पोरीला ऑपरेशनला घेतलंय. बाळाचे ठोके कमी झालेत. लगेच निघायला हवं."

गादीवाल्यांनी हातातली काठी तिथेच गवतात टाकली आणि मला हाणलं. हाणलं म्हणजे काय, माझा वेग तो केवढा. काठाकाठाने चाललेल्या एका बदकाने आम्हाला मागे टाकलं.

"हिला आणखी पळता येत नाही का?" डॉक्टर म्हणाले.

"पेडल तळाला टेकलंय. आता उतरून ढकलू?"

"उपयोग होत असेल तर मीही उतरतो."

थोडं पुढे, रिसॉर्टच्या दाराकडे जाताना, टेकडीवरच्या मैदानाची दोरी आडवी आली. पलीकडे शेवटच्या होलची ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची ती गालिच्यासारखी हिरवळ. तिच्यावर साधे बूट घालून पाय ठेवला तरी ओरडा बसतो. गादीवाल्यांनी ब्रेक दाबला.

"वळसा घालतो."

"सरळ घ्या."

"डॉक्टर, ग्रीन आहे ती. उद्या स्पर्धा आहे."

"मला दिसतंय. सरळ घ्या म्हणतो ना."

आणि तो रुमालाच्या घड्या घालणारा माणूस खाली उतरला, दोन्ही हातांनी दोरी डोक्यावर धरून उभा राहिला आणि मला आत घेतलं. हिरवळीला नुकतंच पाणी दिलेलं. माझी चाकं लोण्यात सुरी जावी तशी रुतत गेली. मैदानाचे मुकादम पलीकडे उभे होते. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकायचं विसरले. मागे वळून बघायची सोय मला नाही, ते बरंच झालं.

दारात मला सोडून दोघं एकाच मोटारीत बसले. बाकीचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. मुलगी झाली होती. आई आणि बाळ सुखरूप होती. बाळाला बघायला दोन्ही आजोबा एकदमच आत गेले, कोणता वार होता ते कोणालाच आठवलं नाही.

कळलं ते अशासाठी, की डॉक्टर आपणहून आमच्या शेडमध्ये आले, मॅनेजरसाहेबांना सांगायला. मागोमाग गादीवालेही आले.

"सरळ घ्यायला मी सांगितलं," डॉक्टर म्हणाले.

"पण गाडी मी चालवत होतो," गादीवाले म्हणाले. "यांचा संबंध नाही."

"संबंध कसा नाही? दोरी मी उचलली."

"दोरीने काय होतंय? पेडलवर पाय माझा होता."

दोघं गुन्ह्यावर हक्क सांगत इतके तावातावाने भांडले, की मॅनेजरसाहेबांनी वैतागून दोघांनाही वर्षभर मैदानबंदी केली. मुकादमांनी दुसरीकडची हिरवळ कापून आणून ठिगळ लावलं. स्पर्धेत टीव्हीवर ते ठिगळ मोठं करून दाखवलं म्हणे. म्हणजे शेवटी मी टीव्हीवर आले, निदान माझी चाकं तरी.

शिक्षा मलाही झाली. छप्पर काढून मला लाँड्रीत दिलं. आता मी चादरी वाहते. माझी सीट फाटली होती, तिच्यावर गादीवाल्यांनी कारखान्यातून नवी गादी करून आणली. सगळ्या ताफ्यात एवढी मऊ बैठक कोणाची नाही. लाँड्रीतल्या मावशी दुपारी माझ्यावरच डुलकी काढतात.

मैदानबंदी असली तरी लाँड्रीच्या अंगणात यायला कोणाची ना नाही. त्यामुळे गुरुवारी दोन्ही आजोबा नातीला घेऊन इथे येतात. तिला माझ्या सीटवर बसवतात आणि दोन्हीकडून धरून उभे राहतात. ती स्टिअरिंग चावते.

"चावू द्या, दात येतायत तिला," डॉक्टर म्हणतात.

"अहो, पण धूळ आहे त्यावर," असं म्हणत गादीवाले डॉक्टरांच्याच खिशातला रुमाल ओढून काढतात.

माझी बॅटरी आता लवकर दमते. परवा मिस्त्री मला बघून गेले आणि 'भंगार' हा शब्द माझ्या कानावर पडला. माझी तक्रार नाही, कधी तरी सगळ्यांनाच जायचंय. फक्त एक विनंती आहे. पोरीचे पाय अजून सीटच्या कडेपर्यंतसुद्धा येत नाहीत. ते पेडलला टेकेपर्यंत तेवढं थांबा.