निगेटिव्हचा कागद

जयंती करंदीकर नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या एका खाजगी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करायची. नवऱ्याच्या, सुबोधच्या, नोकरीमुळे ती पुण्याहून इकडे आली होती; डच शिकून, परीक्षा देऊन ही नोकरी मिळायला चार वर्षं गेली. घरी आईला फोनवर ती एवढंच सांगायची, "ब्लड टेस्ट करते." लॅबमध्ये कोण कोण येतं, ते सांगण्याची सोय नव्हती.

फेम्का दर दोन आठवड्यांनी यायची. ती प्रौढांच्या चित्रपटांत काम करायची आणि ते कधी लपवायची नाही. तिच्या धंद्यात कंडोम क्वचितच वापरत. चौदा दिवसांच्या आतला एचआयव्ही चाचणीचा निगेटिव्ह कागद दाखवला की काम सुरू. फेम्का खुर्चीत बसून बाही वर करायची आणि तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे प्रताप सांगायची. जयंतीला तिची वाट बघायची सवय झाली होती.

त्या गुरुवारी फेम्का वेळ न ठरवताच आली. बाही वर केली नाही.

"अकरा दिवसांपूर्वी मी ज्याच्याबरोबर काम केलं, तो पॉझिटिव्ह निघालाय," ती म्हणाली. "काल प्रोड्यूसरचा फोन आला. संसर्ग होऊ नये म्हणून ती गोळी देता येते ना, लगेच घ्यायची?"

"बहात्तर तासांच्या आत घ्यावी लागते."

"म्हणजे नाहीच."

फेम्काने फोन पुढे केला. त्यावर त्या माणसाचा कागद होता, शूटिंगच्या पाच दिवस आधीचा. निगेटिव्ह. वर याच लॅबचं नाव, खाली कोपऱ्यात रक्त घेणाऱ्याची आद्याक्षरं: जे. के.

"ही तूच ना?"

जयंतीला तो माणूस स्वच्छ आठवला. सुईकडे न बघता छताकडे बघत बसला होता, जाताना दोनदा आभार मानून गेला होता. रिपोर्टमध्ये काहीच चुकलं नव्हतं. संसर्ग नुकताच झालेला असला की सुरुवातीचे काही आठवडे तो चाचणीत सापडत नाही, एवढंच. पण दुसऱ्या पेशंटबद्दल एक शब्दही बोलायची तिला परवानगी नव्हती.

"मला सांगता येत नाही, फेम्का."

"मी तुला दोष देत नाहीये. मला फक्त कळायचंय, मी नीट बघितलं होतं ना? तारीख, नाव, सगळं?"

"तू सगळं नीट बघितलं होतंस."

मग तिने रक्त घेतलं.

संध्याकाळी रिपोर्ट निगेटिव्ह आला. फेम्काचा फोन आला, ती हसत होती. आजच्या निगेटिव्हला काही अर्थ नाही, हे जयंतीला सांगावं लागलं. मग फोन बंद झाला.

दोन आठवड्यांनी पुन्हा घेतलेलं रक्त पॉझिटिव्ह आलं. ते डॉक्टरांनी सांगितलं, बंद दाराआड. औषधं रोज घेतलीस तर आयुष्य इतरांसारखंच जाईल, हेही सांगितलं असणार. फेम्का बाहेर आली तेव्हा जयंती कॉरिडॉरमध्ये उभी होती.

"आता पुढचं सगळं हॉस्पिटलमध्ये," फेम्का म्हणाली. "इथे यायचं काम नाही."

जयंतीने तिचा हात धरला. मराठीत काहीतरी तोंडाशी आलं, ते डचमध्ये कसं म्हणायचं ते सुचेना. फेम्कानेच हात सोडवून घेतला, अलगद, आणि जिना उतरून गेली.

पुढच्याच सोमवारी एक नवी मुलगी आली. विशीची असेल. "उद्या शूटिंग आहे," म्हणाली, "संध्याकाळपर्यंत कागद मिळेल ना?"

"मिळेल. पण तो कागद गेल्या काही आठवड्यांबद्दल खात्री देत नाही. तुझाही नाही, समोरच्याचाही नाही. कळतंय का?"

"हो, हो, ठाऊक आहे," मुलगी म्हणाली आणि फोन बघत हात पुढे केला.

जयंतीने पट्टा बांधला आणि शीर शोधू लागली.