एकाच पेटीत

"ताई, हे खेळणं आहे. महागडं असलं तरी खेळणंच!" भाऊ अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा म्हणाला, आणि काउंटरमागचा विक्रेता उगाचच छताकडे बघायला लागला.

ताई, म्हणजे शिवणबाई, पर्स छातीशी धरून उभी होती. पुढच्या खोलीत मशीन टाकून तिने अर्ध्या वस्तीचे कपडे शिवले होते, त्यामुळे तिला सगळे शिवणबाईच म्हणत. तिच्यासमोर एक गुळगुळीत लाकडी पेटी होती. झाकण उघडलं की आत तबकडी फिरवायची चकती, सुईचा दांडा आणि खाली जाळीमागे स्पीकर. तार जोडायची, बटण दाबायचं, की गाणं सुरू. किंमत मात्र अशी, की चिठ्ठी बघून तिने ती हळूच पालथी करून ठेवली होती.

भाऊ या विषयातला मोठा दर्दी. त्याच्या घरात माणसांपेक्षा स्पीकरना जास्त जागा होती, आणि त्याची बायको तसं सगळ्यांदेखत म्हणायची.

"बघ, सुई इथे आणि स्पीकरही इथेच, एकाच पेटीत. स्पीकर वाजला की पेटी थरथरणार, पेटी थरथरली की सुईला धक्के. आणि एक काही बिघडलं की सगळं धूड उचलून दुरुस्तीला न्या! एवढ्या पैशात सुटं सुटं घे ना. आधी साधा प्लेअर, पुढे अॅम्प्लिफायर, मग सावकाश बरे स्पीकर. भाऊजी नवशिके आहेत. तोपर्यंत त्यांचा कान तयार होईल."

कान तयार होईल!

भाऊ खोटं बोलत नव्हता. दुसरा कुणी नवशिका असता तर तिने निमूट त्याचं ऐकलं असतं. पण तिच्या नवऱ्याचा कान तयार व्हायचा नव्हता, तो चालला होता. डॉक्टरांनी आलेखावरची उतरती रेघ दाखवून सांगितलं होतं, की हे थांबवता येणार नाही, कानाला यंत्र लावा, पण त्याचाही उपयोग होईल तितकेच दिवस. "किती दिवस?" तिने विचारलं, तर डॉक्टरांनी नुसतेच खांदे उडवले. घरी येताना नवरा एवढंच बोलला, "कुणाजवळ बोलायचं नाही. तुझ्या भावाजवळ तर मुळीच नाही. तो दहा डॉक्टर शोधून आणेल आणि मला त्यांच्या दारोदार फिरवेल."

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. एकदा खालून साथीदाराने "थांब!" म्हणून ओरडलेलं त्याला ऐकूच गेलं नाही. साथीदार थोडक्यात वाचला. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने गुडघेदुखीचं कारण सांगून सुट्या भागांच्या गोदामात बदली मागून घेतली. गुडघे ठणठणीत होते.

आणि रेकॉर्डचं वेड कुठून आलं? तर एका जुन्या इमारतीतून. तिथे सगळ्यात वरच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. त्यांच्याकडे लागलेलं गाणं लिफ्टच्या बोगद्यात उतरायचं, आणि हा लिफ्टच्या टपावर बसून नटबोल्ट आवळत ते ऐकायचा. कितीतरी वर्षं. आजोबा मुलीकडे राहायला निघाले तेव्हा रेकॉर्डांनी भरलेलं एक खोकं त्यांनी याच्या हवाली केलं.

"त्यात एक बाई आहे," नवरा सांगायचा. "भाषा कुठली देव जाणे. पण गाता गाता ती मधेच थांबते. वाटतं, संपलं. मी पाना हातात धरून तसाच थांबायचो. मग पुन्हा सूर धरते. ती एकदा नीट ऐकायचीय मला, समोर बसून."

एवढंच त्याचं मागणं. जन्मात त्याने दुसरं काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं.

"ही पेटीच द्या," शिवणबाई विक्रेत्याला म्हणाली.

"ताई, अगं डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरू दे. आज घरी नेऊन आज वाजली पाहिजे."

भाऊ फुगून बसला. पेटी मात्र त्यानेच उचलून गाडीत ठेवली, तीही तान्ह्या बाळासारखी. घरी सोडताना "सात दिवसांत परत घेतात, लक्षात ठेव," असं बजावायलाही तो विसरला नाही.

संध्याकाळी नवऱ्याने कोपरापर्यंत हात धुतले. खोक्यातली वरचीच रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली, चकतीवर ठेवली. बटण दाबलं, दांडा उचलून अलगद कडेला टेकवला आणि स्टुलावर बसला.

तबकडी फिरायला लागली.

शिवणबाई कान देऊन उभी होती. तबकडी फिरतेय, दिवा लागलाय, आणि गाण्याचा पत्ता नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने आधी एक कान पेटीकडे केला, मग दुसरा. चेहऱ्याचा रंग उडाला होता. मग तो बळेच हसला आणि मान डोलावत म्हणाला, "छान आहे गं. छान वाजतंय."

हसावं की रडावं!

"अहो, छान काय? मलाच काही ऐकू येत नाहीये!"

तो गर्रकन वळला. "तुलाही नाही?"

"नाही म्हणजे नाही!"

"खरं सांगतेस?"

"तुमची शपथ!"

पेटी बंद निघाल्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कुणाला झाला नसेल. दोघं गुडघ्यांवर बसून पेटी तपासायला लागले. सुईवर पांढऱ्या प्लॅस्टिकची एवढीशी टोपी तशीच राहिली होती. तिने ती नखाने ओढून काढली. "सुईला टोपी घालून कुणी शिवतं का हो?" ती म्हणाली, आणि दोघंही हसत सुटले. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तिने दांडा उचलून पुन्हा कडेला टेकवला. मग गाणं लागलं, आणि त्याला ते ऐकू आलं.

त्यानंतर रोज कामावरून आला की तो पेटीसमोर. खोक्याच्या अगदी तळाशी ती बाई सापडली. ती खरंच मधे थांबायची. नवऱ्याने इतक्यांदा ती लावली, की शिवणबाईचे पायसुद्धा मशीनवर त्या जागी आपोआप थांबायला लागले. तिला मात्र एकच धास्ती लागून राहिली होती. आवाजाचं बटण रोज थोडंथोडं पुढे सरकत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी भाऊ दोन खोकी घेऊन दारात हजर. त्याचा स्वतःचा जुना प्लेअर, जुने स्पीकर.

"रस्त्यापर्यंत आवाज येतोय! कान फाटतील की!" आत शिरल्या शिरल्या त्याने आवाज कमी केला. नवऱ्याचा हात बटणाकडे गेला आणि तसाच मागे आला. "भाऊजी, झाले ना लाड? सात दिवस उलटले, परत कुणी घेणार नाही, पण ही पेटी द्या कुणाला तरी. इथे हात ठेवून बघा. थरथरतेय की नाही? हाच तो दोष."

त्याने भाऊजींचा हात धरून झाकणाशेजारी लाकडावर ठेवला.

नवरा थबकला. तळवा त्याने पसरला, बोटं पसरली. पूर्वी तो लिफ्टच्या मोटरवर ठेवायचा, अगदी तसाच. "हो की," तो हळूच म्हणाला. हात मात्र काढला नाही.

भाऊ पाठ करून खोकं उघडत होता. "माझे स्पीकर भिंतीला लावू. प्लेअर वेगळ्या फळीवर. एवढंसं हलणार नाही, भाऊजी. चालेल ना? भाऊजी? अहो भाऊजी!"

भाऊ वळला. भाऊजी डोळे मिटून, हात पेटीवर ठेवून बसले होते. भावाने बहिणीकडे बघितलं. तिने हातातलं कापड खाली ठेवलं. वचन दिलं होतं, पण आता लपवायला उरलं काय होतं? तिने आपल्या कानाकडे बोट करून मान हलवली.

"कधीपासून?" भावाने विचारलं.

"पेटी घ्यायच्या आधीपासून."

"आणि मी दुकानात... कान तयार होईल म्हणालो."

"तुला काय माहीत, बाळा."

भावाने स्पीकर पुन्हा खोक्यात भरले. जाताना त्याने आवाजाचं बटण होतं तिथे, पार शेवटाला नेऊन ठेवलं. दहा डॉक्टरांचं नाव काढलं नाही.

पुढे नवऱ्याने कानाला यंत्र लावलं, आणि काही दिवसांनी त्याचाही उपयोग संपला. शेजारचे बिचारे आवाज सहन करायचे, म्हणून शिवणबाईने दारं-खिडक्यांना जाड पडदे शिवून लावले. आता ती पाठीमागून हाक मारत नसे, समोर येऊन खांद्याला हात लावायची.

एका दुपारी तिचं मन फारच कासावीस झालं. हा नुसताच हात ठेवून बसतो, की याला काही कळतं? विचारायचा धीर होईना. तो स्टुलावर येऊन बसला तेव्हा तिने त्याला न दाखवता दुसरीच रेकॉर्ड लावली. दुसरी कुणीतरी बाई, तशीच संथ गाणारी. "तीच ना, छान आहे," असं हा आत्ता म्हणाला तर आपण काय करायचं?

त्याने हात ठेवला. थोडा वेळ गेला. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, ही कोण? ती लाव ना, थांबणारी."

तिने झटक्यात दांडा उचलला. रेकॉर्ड बदलली, आणि मशीनवर जाऊन बसली. बाई गायला लागली. ती जागा आली तसे शिवणबाईचे पाय थांबले. बाईही थांबली. खोलीत सुईची बारीक चरचर तेवढी राहिली.

नवऱ्याने पेटीवरून एक बोट वर उचललं, जणू सांगत होता, जरा दम धर. आणि बाईने पुन्हा सूर धरला तेव्हा ते बोट नेमकं खाली आलेलं होतं.