सात नंबर काढली

धक्क्याच्या ओल्या काँक्रीटवर ती कोपरं टेकून पालथी पडली होती आणि जहाजाची मधली डोलकाठी पाण्यातल्या प्रतिबिंबासकट चौकटीत बसवायला बघत होती. भरती पुरी झाली होती, वारा पडला होता. असं निवांत पाणी बंदरात फार तर वीस मिनिटं टिकतं. मग पहिली टगबोट निघते आणि सगळं ढवळून टाकते.

जहाज तीनशे वर्षांपूर्वीचं होतं आणि त्याचं वय पावणेदोन वर्षं. जुन्या चित्रांवरून हुबेहूब बांधलेलं. तोफा लाकडी, शिडं शोभेची, पोटात डिझेलचं इंजिन. डेकवर जुन्या वेषातला एक खलाशी मोबाइलवर कुणाशी तरी भांडत होता. तिने हाताने खूण केली, तसा तो भांडत भांडतच दोरखंडांमागे गेला.

बंदराच्या जाहिरात विभागाचे साहेब तिच्या मागे, जहाजं बांधायच्या लोखंडी खुंटावर बसले होते.

"मॅडम, ती उजवीकडची क्रेन येतेय का हो फोटोत?"

"येणारच. ती कुठे जाणार?"

"काढून टाका. त्या काळात कुठली आलीय क्रेन? बाकीच्या धुक्यात खपून जातील, पण सात नंबर काढाच."

"काढते."

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बाबा. एरवी ते फोन करत नसत, रविवारची वाट बघत.

"धक्क्यावर आहेस ना? कसं आहे जहाज? वरून कीर्तन, आतून डिझेल!" स्वतःच्या विनोदावर ते एकटेच हसले. "ऐक, तिथे आहेसच तर सात नंबर काढ बरं का. परवापासून मोडायला घेणार आहेत तिला. गुडघे धड असते तर मीच आलो असतो बघायला."

"काढते, बाबा. ठेवू?"

टगबोटीचा भोंगा झाला. तिने श्वास रोखला आणि एकामागून एक बटण दाबत गेली.

सात नंबरच्या केबिनमध्ये बाबा एकतीस वर्षं बसले होते. एकशे बारा पायऱ्यांची लोखंडी शिडी, डबा दोरीने वर ओढायचा, आणि पाळी संपेपर्यंत बोलायला चिटपाखरू नाही. पुढे बोलायची सवयच सुटली. आई गेल्यावर घराचंही तसंच झालं. रविवारी ती जायची, तासभर बसायची आणि आठवडाभर साठलेलं बोलून टाकायला बाबांना तो तास पुरायचा नाही. तिला मात्र तो लांब वाटायचा.

दुपारी ती आपल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली. पुसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. समारंभातले कचऱ्याचे डबे, विजेच्या तारा, नको असलेले पाहुणे. एका बाईने तर घटस्फोटानंतर सगळ्या सहलींतला नवरा पुसून घेतला होता. तिने आधी क्रेनचा लांब हात पुसला, मग केबिन, मग चारही पाय.

केबिन पुसताना तिला शाळेचं फाटक आठवलं. तिथून सात नंबर दिसायची. शाळा सुटायच्या वेळी बाबा तिकडून रिकामा हूक एकदा खाली सोडून वर घ्यायचे. तो लेकीला टाटा होता. सहावीत मैत्रिणी हसल्या, तेव्हापासून तिने वर बघणं सोडलं. त्यानंतर तो हूक किती वर्षं हलत राहिला, तिने कधी विचारलं नाही.

आभाळ स्वच्छ झालं. खालच्या पाण्यावर जाहिरातीचा मजकूर येणार होता, तिथे ती वेळ घालवत बसली नाही. तिने साहेबांना निरोप टाकला, 'सात नंबर काढली', आणि दिवसभराचं ओझं उतरलं. दोघांनी सांगितलेलं काम एकाच शब्दात होतं. एक झालं आणि दोन्ही डोक्यातून गेली.

रविवारी बेल वाजवण्याआधीच बाबांनी दार उघडलं. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलेलं होतं, खिळा मोकळा होता. टेबलावर एक जुनी फ्रेम, काच लख्ख पुसलेली.

"काढलीस?"

"काढली," ती म्हणाली, आणि म्हणेपर्यंत ते तिला खरंच वाटत होतं. मग फ्रेम दिसली आणि तिला बाबांचा फोन आठवला.

तिच्या हातातली गुंडाळी बाबांनी काढूनही घेतली होती. नमुन्याची मोठी प्रत, मजकूर अजून चढायचा होता. त्यांनी ती टेबलावर पसरली, एका कोपऱ्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, दुसऱ्यावर चष्म्याचं घर. जहाजाकडे त्यांनी बघितलंही नाही. बोट सरळ उजवीकडच्या आभाळावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"इथे पाहिजे होती," ते म्हणाले. तक्रार नव्हती. कुणाला पत्ता सांगावा, तसं.

"बाबा, साहेबांनी काढायला सांगितली होती. म्हणजे पुसायला. माझ्या डोक्यात दोन्हीचा घोळ झाला. मूळ फोटोत आहे ती, उद्या आणून देते."

"उद्या," ते म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. चहा टाकते म्हणत ती आत गेली. पाण्याला उकळी फुटली तरी ती ओट्यापाशी नुसती उभी राहिली. रागावले असते तर बरं झालं असतं.

कप घेऊन ती आली, तेव्हा बाबा भिंग घेऊन फोटोच्या तळाशी वाकले होते.

"पत्रा बघ," ते म्हणाले.

दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून केबिनच्या खिडकीवर त्यांनी पत्र्याचा एक तुकडा बसवला होता. परवानगी न घेता. बंदरातल्या दुसऱ्या कुठल्याही क्रेनला तो नव्हता. तिने वाकून भिंगातून बघितलं. आभाळातून पुसलेली सात नंबर खाली पाण्यात होती, डोकं खाली, पाय वर. हात, केबिन, पत्रा, सगळी.

"हूक रिकामा आहे," बाबा म्हणाले.

तिने भिंग हुकावर नेलं.

त्यांनी सावकाश प्रत फ्रेममध्ये बसवली, मागचे खिळे अंगठ्याने दाबले, भिंतीचा आधार घेत उठले आणि फ्रेम अडकवली. दोन पावलं मागे सरकून बघितलं.

"बाबा, जहाज उलटं झालं."

"होऊ दे. ते कुठे खरं आहे?" मग जरा निरखून म्हणाले, "हिचं डावं-उजवं झालंय तेवढं. चालेल."

चहा घ्यायला ते खुर्चीत बसले. खिळा उंचावर होता. तिने मान वर करून बघितलं.