रुपेरी मेपलच्या फळ्या

“ओक लाव रे, यारोस्लाव. याची ना फळी धड, ना सरपण.”

कुंपणाला टेकून आन्तोनकाका हे बोलले, तेव्हा माझी मुळं ओल्या गोणपाटात बांधलेली होती. माझ्या आयुष्यात कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. काकांची नदीकाठी लाकूडगिरणी होती आणि आयोवातल्या आमच्या त्या गावात लाकडाबद्दल त्यांचा शब्द शेवटचा मानत. यारोस्लाव त्यांच्याच गिरणीत कामाला. त्याने फावडं थांबवलं नाही.

“ओकची सावली पडेपर्यंत मी म्हातारा होईन, काका. रूझेनाला सावली आत्ता हवी आहे. दुपारी स्वयंपाकघर नुसतं भाजून निघतं.”

मित्रांनो, मी रुपेरी मेपल. काल-परवापर्यंत झाड होतो, आता कोठारात रचलेल्या फळ्यांची एक चळत आहे. उभं राहून राहून फार थकलो होतो. आता आडवा आहे, तर बोलून घेतो.

मला घाई करायला सांगितलं होतं आणि मी घाई केली. ओकचं पोर गुडघाभर होतं तोवर मी घराच्या छपराला हात लावला. यारोस्लावची बायको रूझेना खिडकीशी उभी राहून कोलाचेचं, म्हणजे गोड सारणाच्या पावांचं, पीठ मळायची, खसखशीचं सारण भरायची, आणि माझी सावली तिच्या मनगटांवर हलत असायची. माझी पानं वरून हिरवी, खालून पांढरी. पावसाआधीचा वारा सुटला की ती सगळी उलटी व्हायची. मग रूझेना हात पुसत बाहेर यायची आणि स्वतःच रचलेलं गाणं गुणगुणत दोरीवरचे कपडे ओढायची:

“पानं झाली पांढरी गं, दोरीवरचं काढा,
आभाळाच्या पोटामधी गडगडतो गाडा.”

ती दोरी माझ्याच अंगातल्या आकड्याला बांधलेली होती. आकडा ठोकला तेव्हा दुखलं. पुढे झोपाळ्याची साखळी आली, पक्ष्यांचं खोपटं आलं, हरवलेल्या मांजराची चिठ्ठी आली. प्रत्येक गोष्टीला एक खिळा. मी साल वाढवून एकेक पोटात घेत गेलो.

घाईने वाढलेल्याचं लाकूड मऊ असतं. एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने माझी मोठी फांदी मोडली आणि तिच्या जागी ढोली पडली. यारोस्लावला फार वाईट वाटलं. त्या काळी आमच्या गल्लीत सगळेच करत, तेच त्याने केलं. किडक्या दाढेत चांदी भरावी तसं त्याने माझ्या ढोलीत सिमेंट भरलं, थापीने गुळगुळीत केलं, वरून हिरवा रंगही दिला. शेजारचे लोक येऊन बघून गेले. छान काम झालं म्हणाले. बादली धरायला त्याचा मुलगा एमिल होता. धाकटी व्लास्टा तेव्हा पाळण्यात होती.

ते चुकलं होतं, मित्रांनो. झाड वाऱ्यावर डुलतं, सिमेंट डुलत नाही. त्याच्या मागे पाणी साचलं आणि मी आतून कुजू लागलो. पण त्याने मायेने भरलं होतं. मी तक्रार कुणाकडे करणार? साल वाढवली आणि तेही झाकून टाकलं. पुढे तिथे काही होतं हे कुणाला ओळखूही येईना.

वर्षं गेली. आन्तोनकाका गेले, गिरणी बंद पडली, यारोस्लाव गेला. एमिल सुतारकाम शिकून डे मॉइन शहरात गेला आणि मोठमोठ्या घरांसाठी अक्रोडाची टेबलं करू लागला. नाताळला यायचा. व्लास्टा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. रूझेना अंथरुणाला खिळली तेव्हा व्लास्टाने तिचा पलंग खिडकीशी ओढून घेतला, म्हणजे आईला मी दिसावा. किती उन्हाळे ती आईचं अंग पुसत राहिली, ते मी पाहिलं. बाहेरून कुणी विचारलं की म्हणायची, “बरं चाललंय.”

माझं कौतुक मात्र आटलं. मुळं गटाराच्या नळात शिरली म्हणून नळवाल्याने शिव्या दिल्या. कुणी हौसेने माझा रस काढून पाक करायला घेतला, तर दिवसभर चूल जाळून वाटीभरही झाला नाही. “गोडीलाही महाग आहे हा,” म्हणाला. दर वसंतात माझ्या भिरभिऱ्या बिया पन्हळीत तुंबायच्या. फक्त मुलं त्या नाकावर चिकटवून हसत फिरायची. मला तेवढ्यावर दिवस काढायची सवय झाली.

मग या उन्हाळ्यात एक मोठं वादळ आलं. वारा थांबला तेव्हा माझा अर्धा भाग अंगणात पसरला होता. उरलेला धोक्याचा ठरला आणि पाडला गेला. व्लास्टाही आता थकली होती. घर विकून गावातल्या म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात जायचं तिने ठरवलं होतं. खोली एक, खिडकी एक. एमिल मदतीला आला, तेव्हा ती माझ्या ओंडक्यावर बसलेली होती.

“भुगा करणारं यंत्र सोमवारी येतंय,” एमिल म्हणाला.

“त्याला नको म्हणून सांग. मला याच्या फळ्या करून हव्यात. एक टेबल होईल एवढ्या.”

“याच्या?” एमिल हसला. “अगं, मऊ मेपल हा. वाळताना पिळवटतो, डाग धरतो. आणि अंगणातलं झाड कुठलीही गिरणी दारात उभं करत नाही. खिळेच खिळे. पातं जातं एका फटक्यात.”

“फिरती करवत घेऊन मार्लिस येणार आहे. मी बोलले तिच्याशी.”

“मी तुला अक्रोडाचं टेबल करून देतो ना.”

“अक्रोडाखाली मी कधी बसले, एमिल?”

एमिलने हात झटकला. मग म्हणाला, “कर तुला हवं ते. नाही जमलं तर सोमवारी भुगा.”

“नाही जमलं तर भुगा,” व्लास्टा म्हणाली. तिचा आवाज इतका थकलेला होता की माझ्या कापल्या टोकांनाही तो जाणवला.

मार्लिस शनिवारी सकाळी आली. गाडीमागे जोडलेली लांबलचक करवत, आणि तोंड करवतीहून धारदार. तिने लोखंड शोधणारं यंत्र माझ्या अंगावरून फिरवलं. ते वाजतच राहिलं.

“मिस व्लास्टा, हे झाड आहे की भंगाराचं दुकान?”

एकेक खिळा उपटला. आकडा निघाला तेव्हा व्लास्टाने तो मागून घेतला आणि खिशात टाकला. शेवटी यंत्र गप्प झालं. सिमेंटला ते वाजत नाही. मला ओरडून सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

एमिल पडवीतल्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसला होता.

“एमिल, तुम्ही जाणकार,” मार्लिस म्हणाली. “अजून कुठे काही आहे आत?”

एमिलने माझ्याकडे पाहिलं. नेमकं तिथेच. “यंत्र तुमचं आहे,” तो म्हणाला. “माझं मत मी आधीच दिलंय.”

“दिलंय हो. मऊ म्हणजे काय लोणी नव्हे. तापल्या दिवसांत लगेच कापलं, टोकांना मेण लावलं, मधे पट्ट्या घालून सावलीत रचलं, तर राहतं सरळ. लोकांना धीर नसतो, आणि नावं झाडाला ठेवतात.”

पातं फिरलं. पहिली साल सुटली. दुसऱ्या कापाला पहिली फळी निघाली. व्लास्टाने ती एकटीनेच उचलून पडवीच्या कठड्याला टेकवली. मलाही तेव्हाच कळलं माझ्या आत काय होतं. गेल्या कित्येक वर्षांत किड्यांनी बोगदे केले होते, त्यांच्या कडेने तांबूस-राखी रेषा ओढल्या गेल्या होत्या. जिथे फांद्यांचा भार तोलून मी उभा होतो, तिथे लाकडात लाटा उठल्या होत्या, संथ पाण्यावर वारा आल्यासारख्या.

एमिल उठला. खुर्ची करकरली. त्याने अंगठा जिभेला लावला आणि ओला अंगठा फळीवरून ओढला. सुतार लाकूड असंच बघतात. ओल लागली तिथे लाट चमकली. त्याने पुन्हा अंगठा ओला केला, पुन्हा ओढला. मग हात तसाच फळीवर ठेवून उभा राहिला.

मागे मार्लिसने तिसरा काप सुरू केला.

“थांबवा,” एमिल म्हणाला. आवाज पोहोचला नाही. तो दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्या उतरला, हात वर करून. “थांबवा ते. पुढे सिमेंट आहे.”

करवत थांबली. अंगण एकदम शांत झालं.

“बाबांनी भरलंय,” तो म्हणाला. “ढोलीत. इथून इथपर्यंत. बादली माझ्याकडे होती.”

मार्लिसने टोपी काढली, पात्याकडे पाहिलं, एमिलकडे पाहिलं. “आणि मघाशी विचारलं तेव्हा जीभ कुठे गेली होती?”

व्लास्टाने मार्लिसला फक्त एवढंच विचारलं, “तेवढा भाग सोडून कापता येईल?”

आलं कापता. सिमेंटचा तुकडा काढून बाजूला ठेवला. त्यावर यारोस्लावच्या थापीची वळणं अजून तशीच होती.

मित्रांनो, तुमच्या अंगणात कुणी मऊ लाकडाचं, घाईने वाढलेलं झाड असेल, तर त्याला खिळे ठोकू नका. ढोली पडली तर पडू द्या. तिथे पाखरं राहतील. आणि ते कामाचं नाही असं म्हणायच्या आधी एकदा अंगठा ओला करून बघा. माझं एवढंच मागणं आहे. मी थकलो आहे, मला आता निवांत वाळायचं आहे.

त्या संध्याकाळी दोघं भावंडं शेजाऱ्याच्या कोठारात मला रचत होती. एक फळी, वर आडव्या पट्ट्या, पुन्हा फळी. टोकांना मेण एमिल लावत होता, आपल्या घरच्या लाकडाला लावावं तसं हलक्या हाताने.

“उन्हाळाभर वाळू दे,” तो म्हणाला. “घाई नको. टेबल मी करीन. खिडकीत मावेल एवढं.”

“बरं,” व्लास्टा म्हणाली.

त्याने शेवटची पट्टी हातात घेतली, पण ठेवली नाही. तिच्याकडे न बघता, माझ्या लाटांकडे बघत बोलला.

“आईच्या शेवटच्या हिवाळ्यात तू फोनवर म्हणायचीस, बरं चाललंय. बरं नाही हे मला आवाजावरून कळायचं. कळूनही मी खरं मानून फोन ठेवायचो. तू इथे होतीस म्हणून मला तिकडे राहता आलं, व्लास्टा. सगळं तू पेललंस. हे मी तुला कधी म्हटलं नाही.”