गांडुळांचा कळप
माझ्या सासऱ्यांनी, मुंजाबांनी, जन्मभर मेंढरं राखली. गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकून म्हशी घेतल्या, परसात गोबरगॅस बांधला आणि त्यातून निघणाऱ्या शेणाच्या काल्यावर, म्हणजे स्लरीवर, खतासाठी गांडुळं पाळली. पाळली म्हणजे मी पाळली. त्यांनी खाटेवर बसून हुकूम सोडले.

त्या कामातली मुख्य अक्कल एवढीच, की टाकीतून आलेली ताजी स्लरी गांडुळांवर ओतायची नाही. ती सावलीत पसरून दहा-बारा दिवस सुकू द्यायची; उग्रपणा गेला की मग वाफ्यावर थर द्यायचा, वर ओलं पोतं झाकायचं. दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं, कोंबड्या हाकलायच्या. तीन वर्षांत मी आमच्या पिशोर गावाबाहेर एक रात्र काढली नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत आले. सासरे चारचौघांत माझं नाव घेऊन सांगायचे, "बानाच्या हाताची सवय हाय त्यांला." असलं कौतुक चुलीत घालावं!

माझा नवरा मल्हारी वाळूजच्या एका कंपनीत होता. त्र्याण्णव सरताना त्याचं पत्र आलं: खोली मिळाली आहे, आणि संक्रांतीनंतरच्या सोमवारी कंपनी पॅकिंगला बायका घेणार आहे. त्या सकाळी फाटकावर हजर असेल तिलाच काम. मी सातवी शिकलेली. पत्र मी तीनदा वाचलं.

सासरे म्हणाले, "कळप असा टाकून जात नसत्यात. ज्याच्या हाती द्यायचा त्येला पंधरा दिस संगं ठिवायचं. जायच्या दिशी कळप धड असला, तर तू मोकळी." धनगराची रीत म्हणजे मेंढरं मोजून घ्यायची, मोजून द्यायची. गांडुळं कशी मोजायची, हे विचारायची सोय नव्हती.

कळप घ्यायला घरात होतं कोण? सासूच, सारजाबाई. मी तिला आत्या म्हणायची. आत्या चार दिवसांत सगळं शिकली. मधेच विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला, दगडफेकीच्या भीतीनं आमच्याकडच्या एसट्या बंद झाल्या. पण शनिवारी मल्हारी एका ट्रकमध्ये बसून येऊन पोचला. रविवारपासून एसट्या पुन्हा सुरू होणार होत्या; दुपारची गाडी आमची. मी पेटी भरून ठेवली.

रविवारी सकाळी शेवटचं पाणी शिंपडायला गेले. पोतं उचललं तर गांडुळं वाफ्याच्या भिंतीवर चढून पळायला बघत होती. खाली पांढरी पडून मेलेली. वर ताज्या स्लरीचा थर, अजून बुडबुडे येत होते. मागं आत्या रिकामी बादली घेऊन उभी होती.

"चुकून झालं का वो, आत्या?"

"नाय. मीच वतली." तिनं बादली खाली ठेवली. "तू गेली का हितं मीच. चाळीस वरसं मेंढरांमागं पाय तुटले. मेंढरं इकली तवा वाटलं, सुटले. आता ही किडं माझ्या गळ्यात."

तीच बादली तिच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. तेवढ्यात काठी टेकत सासरे आले, मागं मल्हारी.

"कोणाचं काम ह्ये?"

आत्यानं बादली पायामागं सरकवली. ती काठी तिच्या पाठीवर पडताना मी पाहिली होती.

"माझ्याच हातून झालं," मी म्हणाले.

"मंग ज्याच्या हातानं कळप मेला, त्येनंच तो परत हुबा करायचा. रीत हाय."

मी मल्हारीकडं पाहिलं. वाटलं, तो काहीतरी बोलेल, माझी पेटी उचलेल. त्यानं बापाला विचारलं, "कितीक दिस लागत्याल?"

"दोन-तीन महिनं."

दुपारच्या गाडीनं तो एकटा गेला.

आत्या माझ्याजवळ येऊन बसली आणि जिती गांडुळं वेचू लागली. "पोरी, मी सांगते त्यांला, मीच वतली म्हनून."

"आता कशाला? मार खायला?"

ती पदर तोंडाला लावून रडली. मला तिची दया आली आणि राग तसूभरही कमी झाला नाही. सोमवारी सकाळी कंपनीच्या फाटकावर बायकांची नावं लिहून घेत असतील, तेव्हा आम्ही दोघी नव्या वाफ्यावर पाणी शिंपडत होतो.