पानफुटीचा संताप

मुक्या पानाच्या काठावरही ज्याने अंकुरांची अक्षरे उमटवली, त्या जगत्पालकास प्रथम वंदन. आता मी, पानफुटी, बोलते आहे. आणि संतापाने बोलते आहे.

माझा जन्म महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गातला. एक पान तोडून त्यांनी ओल्या मातीवर ठेवले आणि शास्त्रीय नाव विचारले. मुले वह्यांत डोकी घालू लागली, तशा बाई म्हणाल्या,

"घाबरता काय? ग्रीक नाव म्हणजे जोडकाम. ब्रायो म्हणजे अंकुरणे, फायलम म्हणजे पान. सांध्यावर सोडवा, मग जोडा. भलतीकडे तोडाल, तर जीभ अडकेल."

त्या पानाच्या खाचेतून मी वर आले.

पुढे बाईंना पक्षाघात झाला, वाचा गेली. त्यांच्याबरोबर मीही घरच्या खिडकीत आले. तेथे जे पाहिले, त्याने माझा देठन् देठ जळतो.

बाईंचा मुलगा वाईट नव्हे. पण मायेत घाई शिरली की तिचा अपमान व्हायला वेळ लागत नाही. ज्या जिभेवर अवघे वनस्पतिशास्त्र नांदले, तिच्यापुढे हा टाळ्या वाजवी: "आई, म्हण बघू, पा-णी." बाई भिंतीकडे तोंड करीत. हा म्हणे, "काही सुधारणा नाही." शेवटी त्याने परस्पर ठरवले, आईचे शिकवणे संपले. तसे महाविद्यालयाला कळवायला तो फोन हातात घेऊनच बसला होता.

तेवढ्यात बोलण्याचा सराव घेणाऱ्या ताईंनी माझी कुंडी बाईंपुढे ठेवली. "बाई, हिचे नाव?"

"अहो ताई, आईला चहा मागता येईना, अन् तुम्ही हे काय काढलंत?"

"चहा तुम्ही न मागताच देता. मग त्या कशाला तोंड शिणवतील?"

बाईंचे ओठ थरथरले. "ब्रा... यो." मग शांतता. लांबलचक, कष्टाची.

मुलाला धीर निघेना. "फायलम, आई. म्हण, फाय—"

बाईंनी धड असलेला हात उचलला. "थांब."

आजारानंतरचा तो त्यांचा पहिला स्वच्छ शब्द.  मग आपल्याच गतीने त्यांनी उरलेला सांधा जुळवला, "फाय... लम," आणि मुलाच्या हातातला फोन काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

माझा राग मात्र उतरलेला नाही. दुसऱ्याच्या ओठांवरचा शब्द हिसकावणाऱ्यांनो, आधी आपल्या कानांना वळण लावा.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण होवो. ज्या घरी कोणी अडखळते, त्या घराला वाट पाहण्याचे बळ मिळो. आणि कोणाचेही बोलणे अर्ध्यावर पोरके न होवो.