साहेबाचे डोळे

"डोळे नाय आखनार मी," केरू म्हणाला आणि त्याने कुंचला पाण्याच्या डब्यात उभा केला.

समोर परदेशी कंपनीचा साहेब बसला होता. पेंढ्याचं अंग, प्लास्टरचं डोकं, गळ्यात टाय आणि अंगात गोपाळकृष्ण सरांचा लग्नातला कोट. त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंनी तो बोहारणीला न देता चळवळीला दिला होता. दुसऱ्या दिवशी पेणच्या तहसील कचेरीसमोर साहेबाला जाळायचं होतं. साल चौऱ्याण्णव, महिना डिसेंबर. परदेशी कंपन्यांना दार उघडणाऱ्या डंकेल करारावर सह्या होऊन आठ महिने उलटले होते. तो मागे घ्यायला तहसीलदार नेमकं काय करतील, याचा करारविरोधी समितीने विचार केला नव्हता. पण माइकची परवानगी तिथलीच मिळाली होती.

समितीचे अध्यक्ष गोपाळकृष्ण सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. खाडीकाठचं मिठागर त्यांच्या आजोबांपासूनचं. केरू पावसाळाभर पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखायचा आणि दिवाळीनंतर सरांच्या आगरात मीठ पिकवायचा. त्याने डोळे आखलेल्या गणपतीसमोर खोलीत कुठेही बसा, मूर्ती तुमच्याकडेच बघते, अशी त्याची ख्याती. यंदा दिवाळीला महिना झाला तरी आगरात खाडीचं पाणी घ्यायचा निरोप आला नव्हता.

"डोळ्यांशिवाय साहेब कसा दिसेल रे?" सर म्हणाले. "अलिबागहून पेपरचा फोटोग्राफर येतोय."

"सर, डोळे आखले का तो बघाय लागतो. बघनाऱ्याला जालीत नाय, बुडवतात."

"अरे, हा काय देव आहे?"

"हात तोच हाय ना माजा."

सर हसले. "बरं बाबा, बुडवू. शब्द देतो. काढ आता."

"आनि आगराचा काय? पानी कवा घ्यायचा?"

"केरू, अख्ख्या देशाचं मीठ परदेशी पाकिटात जायची वेळ आलीय आणि तुला तुझ्या आगराची पडलीय."

केरूला लाज वाटली. देशाचं मीठ वाचलं तर त्यात आपलंही आगर येत असेल, अशा समजुतीने त्याने कुंचला उचलला.

मोर्चा दीडशे माणसांचा झाला. आगरातल्या बाया सगळ्यात पुढे होत्या, कारण सरांनी त्यांना पुढे राहायला सांगितलं होतं. साहेबाला टेबलावर बसवलं. सर माइकपाशी गेले. साहेब त्यांच्याकडे बघत होता. सर दोन पावलं डावीकडे सरकले. साहेब बघतच होता. सरांनी भाषणातला जागतिक इतिहास गाळला आणि मुलाला, पुष्करला, खूण केली. पुष्कर रॉकेलचा डबा घेऊन पुढे आला.

केरू साहेबाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"सर, बुडवायचा ठरल्ला."

"बाजूला हो केरू. फोटोग्राफरला परत अलिबागला जायचंय."

"तुमी शब्द दिल्ता."

"अरे, पुतळ्याबद्दलचा शब्द काय धरून बसतोस?"

मिठाच्या पाट्या वाहून वाहून विमलबाईच्या टाळूवरचे केस गेले होते. ती इतका वेळ पुष्करला निरखत होती. शेजारणीला म्हणाली, "अगो, ह्योच की तो. बुधवारी आगराच्या बांदावर मापाची टेप धरून व्हता. दोघं बूटवालं संगती. मी इचारला, कोन रं? तं बोलला, कंपनीची मानसं."

"कंची कंपनी?" केरूने विचारलं.

पुष्करने डब्याचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

"सर, आगर इकला काय?"

माइक चालू होता. प्रश्न एस.टी. स्टँडपर्यंत गेला. उत्तर मात्र सरांनी माइकवर हात ठेवून दिलं. "हा आजचा विषय नाही. आणि त्या कंपनीत परदेशी भागीदार फक्त निम्मे आहेत."

केरूने साहेबाच्या अंगातला कोट काढला, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"ह्यो तुमचा."

मग बायांनी साहेबाला उचललं आणि त्या खाडीकडे चालू लागल्या. बंदोबस्तावरच्या जमादाराला बरं वाटलं. हुकूम जाळण्याविरुद्ध होता, बुडवण्याबद्दल त्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात एक माइक होता, एक टेबल आणि एक कोट.

जानेवारीत आगराला तारेचं कुंपण पडलं. केरूने तीस वर्षं पायांनी तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यांना भेगा गेल्या होत्या. तो कुंपणाबाहेरून त्या बघून आला. परत गेला नाही. विमलबाई सकाळच्या गाडीने रोह्याला जाऊ लागली. तिथल्या एका गोदामात पाकिटातल्या मिठाची खोकी उतरवायचं काम होतं.

भाद्रपद आला. सरांचा गणपती नेहमीच्याच कारखान्यात होता.

"केरू, सरांचा दुसऱ्याला देऊ का आखायला?" मालकाने विचारलं.

"नाय. त्यांचा मीच आखनार."

त्या दिवशी केरूने दुसरी एकही मूर्ती हातात घेतली नाही.

"यंदा डोळे काय जिवंत आलेत," पहिल्या आरतीला श्यामलाबाई म्हणाल्या. सर उजवीकडे उभे होते, ते डावीकडे गेले. मग दाराबाहेर गेले. पाचही दिवस त्यांनी आरती ओटीवरूनच म्हटली.

"आत या ना," श्यामलाबाई म्हणायच्या.

"इथं वारा येतो."

पाचव्या दिवशी पुष्करने मूर्ती उचलली. अंगणात आल्यावर, निघण्यापूर्वी, रिवाजाप्रमाणे त्याने मूर्तीचं तोंड घराकडे वळवलं.

दारात सर एकटेच उभे होते.